आतली कडी

निमगाव सावा, ता. जुन्नर
११ मार्च २००२

प्रिय अक्का,
सप्रेम जय भीम.

हाताचा ठणका आता कमी झाला असेल. प्लास्टर ओलं होऊ देऊ नकोस. बोटं हलवत राहा असं नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते कपिलच्या लक्षात आहे का विचार. तुझा मुलगा त्या दिवशी इतका घुश्शात होता की डॉक्टरांचं निम्मं बोलणं त्यानं ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू "कळंबला जाते" एवढंच म्हणालीस आणि त्याच्या जीपमध्ये जाऊन बसलीस. तुझं लुगडं दोरीवरच राहिलं. मी घडी घालून ठेवलं आहे.

दुकानातून फोन केला होता. एकदा सूनबाई म्हणाली, आई झोपल्यात. पुन्हा केला तर म्हणाली, आई दळणाला गेल्यात. हात मोडलेली बाई दळण कसं नेईल, हे मी विचारलं नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे. प्रतीक्षा तुला वाचून दाखवेल. प्रतीक्षा, बेटा, आजीच्या उजव्या बाजूला बसून वाच, डाव्या कानानं तिला कमी ऐकू येतं.

वनखात्याची माणसं येऊन गेली. पिंजरा लावतो म्हणाले. तुझी शेळी ओढ्याच्या अंगाला सापडली, म्हणजे जे काही राहिलं होतं ते. गेणभाऊंनी तिथंच खड्डा करून पुरलं. त्यांच्या उसाला लागूनच आपलं अंगण, त्यामुळे त्यांनाही चुकल्यासारखं झालं आहे. आपल्या लहानपणी इथं सगळी बाजरी आणि मटकी. धरणाचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या राहायला आला. यात गेणभाऊंचा काय दोष?

त्या संध्याकाळचं फार मनावर घेऊ नकोस. सगळं इतकं एकाएकी झालं की कुणालाच काही सुचलं नाही.

घराचं काम पुरं होत आलं आहे. मागच्या खोलीवर नवे पत्रे पडले. आतला कोनाडा मात्र मी गवंड्याला बुजवू दिला नाही. आबांनी देव नदीला नेऊन सोडले, त्या दिवशी तो कोनाडा रिकामा झाला आणि मी रडायला लागलो. मला वाटलं, आता आपल्या घरात कुणीच नाही. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू माझी पाटी उचललीस, त्यात ठेवलीस आणि म्हणालीस, "आता हितं तुझी पाटी ऱ्हाईल." तू स्वतः तेव्हा शाळा सोडली होतीस. केवढी होतीस गं? परकरातली पोर.

खडकीच्या कारखान्यात सगळी नोकरी मी या घराच्या आठवणीवर काढली. रत्नदीपला फ्लॅटमधून माझं हे वेड समजायचं नाही. "बाबा, तिथं आहे काय?" असं विचारायचा. तो माझाच मुलगा, पण त्याला काय सांगणार? त्याची आई, मंगल, गेल्यावर मात्र मी थांबलो नाही. तूही एकटी, मीही एकटा. म्हातारपणी आपण दोघांनी आबांच्या ओट्यावर बसायचं, हा हट्ट मीच धरला आणि तुला सुनेच्या हातचं सुखाचं जेवण सोडायला लावून जानेवारीत इथं आणलं.

प्लास्टर निघालं की ये. मी जीप करून न्यायला येईन.

तुझा,
हनुमंत

*

निमगाव सावा
२४ मार्च २००२

प्रिय अक्का,
सप्रेम जय भीम.

उत्तर आलं नाही. प्रतीक्षाची परीक्षा असेल.

इथली एक गोष्ट तुला माझ्याकडूनच कळलेली बरी. त्या संध्याकाळची हकिकत गावभर झाली आहे. बेल्ह्याच्या बाजारातसुद्धा लोक मला थांबवतात. "तुमीच का वो ते, बिबट्याला काठीनं हुसकला ते?" असं विचारतात. परवा नारायणगावहून एक वार्ताहर आला होता. त्यानं मला ओट्यावर काठी घेऊन उभं केलं आणि फोटो काढला. मी नको म्हणत होतो.

हौशीराम तर हात धुऊन मागे लागला आहे. तो आपल्या वस्तीतल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, तुला आठवतो ना, विहाराचं रंगकाम त्यानंच करून घेतलं. तो म्हणतो, "काका, जयंतीला तुमचा सत्कार करायचा. वरच्या आळीतली माणसं बी येनार हायेत. सावळाराम बाबाच्या पोरानं गावाचं नाक वाचवलं म्हनत्यात." मी त्याला म्हटलं, अरे, यात सत्काराचं काय आहे. तो म्हणाला, "ह्योच तुमचा मोठेपणा."

नाही म्हटलं की तो मोठेपणा होतो. मी काय करू?

अक्का, तुला तरी आठवतं का, आबांच्या अंगणात वरच्या आळीतलं माणूस कधी आलं होतं? काम असलं की ओढ्याच्या पलीकडून हाक मारायचे, "ए सावळ्या!" आणि आबा हातातला घास ठेवून पळायचे. त्या संध्याकाळी त्याच अंगणात पंचवीस-तीस माणसं उभी होती, बॅटऱ्या घेऊन. कुणी मला पाणी दिलं, कुणी खांद्यावर हात ठेवला. आबा असते तर, असं माझ्या मनात आलं. हे तुला कळेल असं वाटतं. दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

हाताचं कळव.

तुझा,
हनुमंत

*

निमगाव सावा
५ एप्रिल २००२

प्रिय अक्का,

प्रतीक्षाचं कार्ड मिळालं. "आजीने दोन्ही पत्रे ऐकली. दुसरे अर्धे वाचून झाल्यावर ती उठून शेळ्यांकडे गेली. काय कळवू विचारले तर काही बोलली नाही." मुलीनं जे पाहिलं ते लिहिलं. तिला मी काही म्हणत नाही.

पण तुला म्हणतो. तू उठून का गेलीस? तुझ्या मनात जे आहे ते बोल की. मी लहान आहे, तू चार शिव्या दिल्यास तर ऐकून घेईन. हे असं गप्प बसणं मला सहन होत नाही.

आणि त्या संध्याकाळी लोकांनी विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस, ते आठव. मी एकटाच बोललो का? तूही त्या सगळ्यांसमोर म्हणालीस, "व्हय, त्यानंच हुसकला." हे तुझेच शब्द आहेत. मग आता सगळं माझ्याच अंगावर का?

हे पत्र टाकू की नको, असा विचार करतो आहे. टाकतो.

हनुमंत

*

निमगाव सावा
१५ एप्रिल २००२

प्रिय अक्का,
सप्रेम जय भीम.

मागच्या पत्रातलं मनावर घेऊ नकोस, असं लिहिणार होतो. पण ते खोटं होईल. मनावर घे.

काल जयंती झाली. सकाळी ध्वजवंदन, वंदना, मग मिरवणूक. संध्याकाळी विहारापुढच्या मंडपात माझा सत्कार. शाल दिली, नारळ दिला, "शौर्याबद्दल" असं लिहिलेली एक फ्रेम दिली. वरच्या आळीतली माणसं खरंच आली होती आणि पुढच्या खुर्च्यांवर बसली होती. हौशीरामचं भाषण झालं. मग त्यानं माईक माझ्या हातात दिला.

मी ठरवून गेलो होतो की दोन शब्द आभाराचे बोलायचे आणि बसायचं. पण माईक हातात आला आणि समोर एवढी माणसं पाहिली, तसा मी बोलत गेलो. बिबट्या कसा उसातून आला, मी काठी कशी उचलली, माझी बहीण कशी माझ्या पाठीशी उभी होती. पाठीशी, असं मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंडपातून बाहेर पडताना गेणभाऊ माझ्याबरोबर चालायला लागले. तुला ते माहीत आहेत, कमी बोलणारा माणूस. ओढ्यापाशी आल्यावर त्यांनी विचारलं,
"अक्कांचा हात कसाय?"
"बरा आहे."
"त्या दिशी मी मोटारीपाशी व्हतो. उसाला पानी चाललं व्हतं."
मी चालत राहिलो.
"अक्कांचा आवाज तिथवर आला व्हता, भाऊ. मोटार चालू असून बी आला. म्हनून तर मी डबा बडवत पळत आलो."
"हो ना, तुम्ही आलात म्हणून..."
"त्या दार उघड म्हनत व्हत्या."

एवढं बोलून ते आपल्या बांधानं निघून गेले. रागावले नाहीत, मान हलवली नाही. मला ते बरं वाटलं नाही, अक्का. रागावले असते तर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती.

शाल अजून खुर्चीवर पडली आहे. तिला हात लावावासा वाटत नाही.

हनुमंत

*

निमगाव सावा
२८ एप्रिल २००२

प्रतीक्षा,

बेटा, हे पत्र आधी तुला लिहितो. तुला सुट्टी लागली असेल. आजवर मी जी पत्रं लिहिली ती तू मोठ्यानं वाचणार, घरात सगळे ऐकणार, हे मनात ठेवून लिहिली. म्हणून त्यांत काही खरं आलं नाही. हेही तू मोठ्यानंच वाच. तुझे आई-वडील घरी असतील तेव्हा वाच. मध्ये तुला थांबावंसं वाटेल, पण थांबू नकोस. आजीनं उठायचं ठरवलं तर तिला उठू दे.

अक्का,

तुला सगळं माहीत आहे. तरी मी सांगतो, कारण मी ते माझ्या तोंडानं अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवशी आपण दोघं ओट्यावर बसलो होतो. लाईट गेली होती. तू मंगलची आठवण काढलीस, तिला मेथीची भाजी कशी आवडायची ते सांगत होतीस. मग तू म्हणालीस, "लई अंधारलं, शेळी आत बांधते," आणि उतरून बाभळीकडे गेलीस. तू दावं सोडलंस आणि हाताला गुंडाळून घेतलंस. ती ओढाळ होती म्हणून तू नेहमीच तसं करायचीस.

तेव्हा ऊस हलला. वारा नव्हता.

मी आधी पाहिलं, अक्का. तुझी पाठ होती. मी त्याला बांधावर बसलेलं पाहिलं, पोट जमिनीला टेकवून, तुझ्याकडे बघत. मी हाक मारली असती तर तू दावं सोडून पळाली असतीस. ओटा किती लांब होता? पण मी हाक मारली नाही. मी उठलो आणि घरात गेलो. पळालोसुद्धा नाही, आवाज होईल म्हणून हळूच गेलो. आणि दार लावून घेतलं. आतली कडी घातली.

मग शेळी ओरडली आणि तू ओरडलीस.

मी स्वतःला सांगत आलो, मला सुचलं नाही. तुलाही पहिल्या पत्रात तेच लिहिलं. ते खरं नाही. मला सुचत होतं. तू दाराशी आलीस, दावं हाताला तसंच, आणि ते तुला मागे ओढत होतं. तू एका हातानं दार वाजवत होतीस. "हणमा, दार उघड. हणमा, उघड रं." मी दोन्ही हातांनी कडी धरून आत उभा होतो आणि विचार करत होतो. दार उघडलं तर तुझ्यामागून ते जनावर आत येईल, असा विचार करत होतो. अक्काला घेऊन गेलं तर मी लोकांना काय सांगू, असाही विचार केला. हे मी आजवर स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो. तू बाहेर होतीस, तुझं मनगट मोडत होतं, आणि मी आत माझी जबानी जुळवत होतो.

तुझा आवाज बंद झाला तेव्हासुद्धा मी उघडलं नाही. गेणभाऊंचा डबा ऐकू आला, माणसांचा गलका ऐकू आला, तेव्हा उघडलं. तू उंबऱ्याशी बसली होतीस. दावं तुटलं होतं. दाराआड आबांची जुनी काठी होती ती मी उचलली आणि तुला ओलांडून अंगणात जाऊन उभा राहिलो. बॅटऱ्या आल्या तेव्हा लोकांना काठी घेतलेला मी दिसलो. कुणीतरी म्हणालं, "भाऊंनी हुसकला वाटतं." मी म्हणालो, "हो."

एवढा एकच शब्द. तो मागे घ्यायला त्या वेळी तितकाच वेळ लागला असता.

आणि मग सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. आणि तू म्हणालीस, "व्हय, त्यानंच हुसकला." तेच शब्द मी मागच्या एका पत्रात तुझ्यावर उलटवले. दार लावलं त्यापेक्षा मला आता त्याची जास्त लाज वाटते.

मी हे घर घर करत आलो. माझ्या डोक्यातलं घर म्हणजे काय होतं, ते आता बघतो तर सगळीकडे तूच आहेस. चुलीपाशी तू, बाजरी काढायला जाताना फडक्यात माझी भाकरी बांधणारी तू. लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना "माझा भाऊ शाळेपुरता माझ्यासंगं ऱ्हाईल" असं तोंडावर सांगणारीही तूच. कळंबला तुझ्या सासूच्या डोळ्यांसमोर मी जेवलो, मोठा झालो. आई मला नीट आठवतसुद्धा नाही. आणि या घरात मी तुला बाहेर ठेवलं.

रत्नदीप म्हणतो पुण्याला या. मी त्याला खरं कारण सांगितलं नाही, पण जाणारही नाही. इथून गेलो तर पुन्हा पळाल्यासारखं होईल.

मी क्षमा मागत नाही. मागितली की तू देशील, तुझी ती सवयच आहे.

हनुमंत

*

निमगाव सावा
२७ मे २००२

प्रिय अक्का,
सप्रेम जय भीम.

काल बुद्ध पौर्णिमा झाली. वंदना झाल्यावर मी हौशीरामला म्हटलं, मला बोलायचं आहे. त्याला वाटलं विहाराला देणगी जाहीर करतो. त्यानं हसत माईक दिला.

मी माईक बाजूला ठेवला. माईकवरून मला खोटं बोलता येतं, हे मी पाहिलं होतं. तसाच उभा राहून सांगितलं. बिबट्याला मी हुसकलं नाही. मी दार लावून आत होतो. माझी बहीण बाहेर होती. ती हाका मारत होती आणि मी ऐकत होतो. गेणभाऊ डबा वाजवत आले म्हणून ती वाचली. शाल आणि फ्रेम मी बरोबर नेली होती, ती समोरच्या सतरंजीवर ठेवली.

मग मागून एक बाई म्हणाली, "अगं बाई!" आणि एकदोन पोरं हसली. मग माणसं माझ्याभोवती आली. "जाऊ द्या वो भाऊ." "वाघापुढं कोन न्हाई भेत?" "तुमी सांगितलं त्येच लई झालं." एका म्हाताऱ्यानं तर माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, असं कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. म्हणजे पुन्हा मी शूरच!

मला तिथं थांबवेना. त्यांनी मला चहा पिऊन व्हायच्या आत माफ केलं, अक्का. त्यांना सोपं होतं. दार त्यांच्यावर लावलेलं नव्हतं.

हौशीराम तेवढा आला नाही. तो सतरंजीवरची फ्रेम उचलून बघत होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "काका, वरच्या आळीला मी जाऊन जाऊन बोलावलं व्हतं. आता त्ये काय म्हनतील आपल्याला?" मग त्यालाच काहीतरी वाटलं असावं. म्हणाला, "तुमी आदी सांगायचं व्हतं." सगळ्या गावात हा एकटाच माझ्याशी बरोबर वागला.

गेणभाऊ विहाराबाहेर उभे होते. ते वरच्या आळीतले, आत येत नाहीत, पण ओढ्याच्या पलीकडूनही हाक मारत नाहीत. मी त्यांना म्हटलं, "सांगितलं." ते म्हणाले, "ऐकू आलं." मग म्हणाले, "आता अक्कांस्नी बोलवा." मी म्हटलं, "मी कुठल्या तोंडानं बोलावू?" ते म्हणाले, "त्यांच्या बापाचं घर हाय, भाऊ. तुमी बोलवायचं कशाला?"

बिबट्या गेल्या आठवड्यात पिंजऱ्यात सापडला. मादी होती. लोक बघायला लोटले, मी गेलो नाही.

प्लास्टर निघालं, असं कपिलनं फोनवर सांगितलं. एवढंच सांगून त्यानं फोन ठेवला. त्यानं मला आणखी काही बोलावं अशी माझी अपेक्षा नाही. मूठ वळते का, ते प्रतीक्षानं कळवावं.

हनुमंत

*

कळंब, ता. आंबेगाव
९ जून २००२

ती. आजोबांना,
प्रतीक्षाचा जय भीम.

आजी सांगते तसे लिहिते आहे. तिने सांगितले आहे की एक शब्द बदलायचा नाही.

हणमा,

मूठ वळती. पुरती न्हाई वळत. भाकरी थापाया येत न्हाई, वैष्णवी थापती. प्रतीक्षाची धाकटी भन, तिला अजून गोल बी जमत न्हाई.

तुझं ते मोठं पत्र प्रतीक्षानं वाचलं. सगळी बसली व्हती. कपिल मधनंच उठून गेला. मी न्हाई उठले. पोरगी रडाया लागली तर मी म्हनलं, वाच, त्यानं वाच म्हनलंय.

तू दार लावलंस त्याचं लिव्हलंस. भ्यालास म्हनून लावलंस. म्या बी भ्याले व्हते. शेळी सोडावी म्हनलं तर दावं सुटंना, न्हाईतर म्या बी पळालेच असते, तुझी वाट बघितली नसती. तवा त्याचं मला वाईट वाटलं, पर त्ये जाईल.

तू जे लिव्हलं न्हाईस त्ये सांगते. दार उघडलंस तवा म्या उंबऱ्याला व्हते. तू माझ्याकडं बघितलं न्हाई. तू आदी बघितलंस कोन कोन आलंय. मग काठी उचललीस आन मला वलांडून गेलास. लहानपनी तू तापानं फणफणलास की म्या रात रात तुझ्या उशाला बसायची, पर तुला कधी वलांडून गेले न्हाई. वलांडलं की मानूस वाढत न्हाई म्हनत्यात म्हनून. तू मला वलांडलंस. तुला ठावं बी नसंल. तुझ्या पत्रात त्ये येवढंसं लिव्हून तू म्होरं गेलास. मला त्येच ऱ्हायलं.

आन म्या व्हय म्हनले त्ये तुझ्यासाठी न्हाई. आबाच्या दारात तवा समदा गाव उभा व्हता. सावळारामचं पोरगं भेकड निघालं आसं त्यांनी आबाच्या दारात उभं ऱ्हाऊन म्हनू ने, म्हनून म्हनले. आबाला त्यांनी जल्मभर काय काय म्हनलं त्ये तुला ठावं न्हाई, तू साळंत व्हतास. म्या ऐकलंय. म्हनून खोटं बोलले. आता तू खरं सांगितलंस. म्हनू दे त्यांना काय म्हनायचं त्ये. आबा ऐकाया न्हाई.

गेणभाऊ बरोबर बोलला. त्ये घर माझ्या बापाचं हाय. तुझ्यामुळं म्या ते सोडून आले हीच माझी चूक झाली. तिथं आई मेली, तिथं म्या तुला न्हानाचा मोठा केला. तुझ्यावर रुसून म्या माझं म्हायेर का सोडू?

म्या येते. बेस्तरवारी कपिल जीपनं सोडंल. त्यो तुझ्याशी बोलनार न्हाई, तू बी त्याला चा प्यायचा आग्रेव करू नको.

पयल्यावानी व्हईल का, आसं तू इचारशील. मला ठावं न्हाई. व्हईल तवा व्हईल.

येक सांगून ठेवते. इहारात तू तुझं सांगितलंस. लोकांनी तुझं ऐकलं, तुझं हात धरलं, तुला माफी बी दिली. माझं कुनी इचारलं न्हाई. दाराच्या भायेर काय व्हतं त्ये म्या कुनाला सांगितलेलं न्हाई. बाया ओट्यावर येतील, इचारतील. म्या समदं सांगनार हाय. पयल्यापासनं. तवा तू तिथं माझ्या म्होरं बसायचं. उठून आत जायाचं न्हाई.

(आजोबा, खाली काय लिहू, "तुझी अक्का" लिहू का, असे मी विचारले. आजी म्हणाली, "त्याला ठावं हाय कोन त्ये. ऱ्हाऊ दे.")